डोक्यात घातलेली दुपार

शाहजादीचा राग सगळ्यात आधी स्वतःवर होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. बाकीच्यांवर होताच. कारखान्याच्या मालकावर, अण्णासाहेबांवर होता, त्यांच्या सुपरवायझरवर होता, त्या गुळगुळीत बोलणाऱ्या अमोघवर तर इतका होता की त्याचं नाव निघालं तरी ती हातातलं काम खाली ठेवायची. पण नवऱ्याला त्या खुर्चीत बसवलं कुणी? तिनंच. "बसा, काय व्हत न्हाई," असं तिनंच म्हटलं, आणि चाँदभाई बायकोचं ऐकून बसला.

चाँदभाई उरवड्याच्या एका कारखान्यात अठरा वर्षं प्रेस, म्हणजे पत्रा ठोकून आकार द्यायचं मशीन, चालवत होता. पौडच्या बाजारात शाहजादीचं बांगड्यांचं छोटं दुकान. सुट्टीच्या दिवशी तो दुकानात बसला की तिला धास्ती वाटायची, कारण ह्या माणसाला खोटं बोलता म्हणून येत नसे. एखादी बाई विचारायची, भाई, ह्या बांगड्यांचा रंग किती दिवस राहील? हा सरळ सांगायचा, "दोन महिनं. मग पांढऱ्या पडत्यात." बाई हसून उठून जायची. शाहजादी कपाळावर हात मारून घ्यायची आणि मनातून तिला बरंही वाटायचं. असला नवरा तालुक्यात दुसरा नव्हता.

आता त्या अपघाताचं. चाँदभाईच्या प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं होती. एक त्याच्या बाजूला, दुसरं समोर उभा राहणाऱ्या सावळ्याच्या बाजूला. दोन्ही बटणं दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे दोघांचेही हात बाहेर असल्याची खात्री. चाँदभाई पत्रा आत सरकवायचा आणि आपलं बटण आधीच दाबून धरायचा. सावळ्या पलीकडून पत्र्याची कड नीट बसवायचा, हात मागं घ्यायचा, मग आपलं बटण दाबायचा, की ठोकळा खाली. चाँदभाईची ही सवय सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. पाच वर्षं दोघांनी असंच काम केलं, आणि सावळ्याच्या हाताला कधी ओरखडासुद्धा आला नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी चहाहून आल्यावर चाँदभाईनं पहिला पत्रा सरकवला, सवयीनं आपलं बटण दाबलं, आणि ठोकळा सावळ्यासाठी थांबलाच नाही. सावळ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच्या बाजूचं बटण कुणीतरी काहीतरी खुपसून कायमचं दाबून ठेवलं होतं. मोठी ऑर्डर असली की असले उद्योग करतात, एका माणसाचं बटण दाबणं वाचतं आणि माल भराभर निघतो. सावळ्याला गाडीत घालेपर्यंत ते बटण पुन्हा मोकळं झालेलं होतं. कुणी मोकळं केलं, ते कुणी सांगेना.

चाँदभाई रक्त बघून तिथंच कोसळला होता. शुद्धीवर आला तेव्हा चहा प्यायल्यापासून तो ठोका पडेपर्यंतचं त्याला काही म्हणजे काही आठवेना. "चहा प्यालो, कप ठेवला. मग सावळ्याचा हात. मधलं येत न्हाई," एवढंच तो सांगायचा, ज्यानं विचारलं त्याला.

दहा दिवसांनी अण्णासाहेब स्वतः घरी आले. अठरा वर्षांत माणूस कधी दारात आला नव्हता, आणि आता खुर्चीवर बसून चहा मागत होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारी तपासणी येणार. बटणात काहीतरी खुपसणारा सापडला की त्याची नोकरी जाणार, वर पोलीस केस. "चाँदभाई, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे, पण तुलाच काही आठवत नाही तर मी कुणाकुणाचं तोंड धरू? माझ्या ओळखीचा एक जण आहे, अमोघ म्हणून. आमच्या लोकांची शिबिरं घेतो. संमोहन करून तो विसरलेलं सगळं बाहेर काढतो. तुझं मन साफ असेल तर घाबरायचं काय?"

चाँदभाईनं बायकोकडं बघितलं. आणि इथं शाहजादीची चूक झाली.

चूक अडाणीपणानं झाली असती तर ती स्वतःला माफ करू शकली असती. पण तिनं संमोहन डोळ्यांनी बघितलेलं होतं. मागल्या वर्षी त्यांच्या पोरीच्या, मन्तशाच्या दंडावर कढतं तेल सांडलं. दिवसाआड पट्टी बदलायची, आणि त्या वेळी पोरगी असं किंचाळायची की बाहेर बसलेली माणसं कानांवर हात ठेवायची. मग पिरंगुटच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा येणारी मानसशास्त्राची डॉक्टर, स्वरदा तिचं नाव, ती मन्तशाशेजारी बसायला लागली. हळू आवाजात सांगायची, तू धरणाच्या कडेला बसलीयेस, दंड पाण्यात आहे, पाणी गार आहे, गार होत होत दंड बधिर होतोय. पोरगी डोळे मिटून पडून राहायची. पट्टी निघायची, नवी बसायची, आणि मन्तशा नंतर म्हणायची, "अम्मी, कळत व्हतं, पर लांब कुटंतरी दुखत व्हतं." शाहजादीच्या लेखी ही बाई म्हणजे फरिश्ता होती.

तेव्हा अण्णासाहेबांनी संमोहन शब्द काढला आणि हिचं मन निवांत झालं. जे दुखणं लांब नेतं ते आठवण जवळ आणील, असा तिनं आपला हिशेब मांडला. सावळ्याला जाऊन विचारावं, तो तर त्या बटणाला खेटून उभा होता, हे तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. सावळ्या ठेकेदाराचा माणूस, रिहे गावाच्या वरच्या वाडीवरचा. त्याला कुणी काही विचारायची रीतच नव्हती. ह्या गोष्टीची तिला पुढं फार लाज वाटली.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "मन्तशाला बघितलं न्हाई का? काय व्हत न्हाई."

अण्णासाहेबांच्या कासार आंबोलीच्या बंगल्यात हा कार्यक्रम झाला, भर दुपारी, पडदे ओढून. अमोघ पस्तिशीचा, पांढरा सदरा, तोंडात साखर घोळवत बोलणारा. ह्याचे स्टेजवर प्रयोग व्हायचे म्हणे, माणसं दोन खुर्च्यांमध्ये फळीसारखी आडवी ठेवायचा. शाहजादीनं हट्टानं कोपऱ्यात जागा मिळवली. सुपरवायझर शैलेश दाराशी उभा होता. अमोघनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. अंग सैल सोडा, पापण्या जड होताहेत, जिना उतरताय, दहा, नऊ, आठ. चाँदभाईची मान कलली. इथवर सगळं डॉक्टरणीसारखंच होतं, आणि शाहजादी आत्ता म्हणते की तिथवर तिला देवदूत आल्यासारखंच वाटत होतं.

"चहा पिऊन तुम्ही परत आलात. प्रेसपाशी आलात. सावळ्याच्या बाजूला कोण जातंय?"

"न्हाई दिसत."

"दिसेल. घाई नाही. तुम्हीच जाताय का तिकडं?"

"जात असंन."

"छान. हातात काय आहे? लाकडाची पाचर आहे का?"

"पाचर..."

"कुठल्या हातात?"

"उजव्या."

"छान. आता ती पाचर कुठं बसवताय?"

असं अर्धा तास. प्रत्येक उत्तरावर "छान". शेवटी चाँदभाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तो म्हणाला की पाचर मी बसवली, मीच बसवली. शैलेश दारातून निघून गेला. अमोघनं चाँदभाईला जागं केलं, पाणी दिलं, आणि टाइप करून तयार ठेवलेला जबाब अण्णासाहेबांनी त्याच टेबलावर ठेवला. शाहजादी उठून उभी राहिली. "आज नका सही घिऊ, त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई," म्हणाली. चाँदभाईनंच तिला गप्प केलं. "मी केलंय तर सही करायला काय हाय?" असं म्हणाला आणि सही ठोकली.

त्या दिवसापासून घरात चूल पेटत होती एवढंच. चाँदभाई पोटापुरतंही खाईना. मशिदीत जायचा तो मागल्या रांगेत उभा राहून लोकांच्या आधी निघून यायचा. आणि दर दिवशी ती आठवण वाढत होती, हे शाहजादीला जास्त भयंकर वाटलं. पहिल्या दिवशी नुसती पाचर होती. दुसऱ्या दिवशी ती एका बाजूनं तासलेली होती. तिसऱ्या दिवशी बाभळीची झाली. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "तिचं कुसळ माझ्या अंगठ्यात गेलं व्हतं, बघ," आणि धडधाकट अंगठा तिच्यापुढं धरला. तिला अंगठ्यावर काही दिसेना. त्याला दिसत होतं.

सहाव्या दिवशी दुकान बंद करून ती पिरंगुटला गेली आणि डॉक्टर स्वरदापुढं बसली. बसली कसली, तुटून पडली. "तुमची विद्या असली हाय व्हय? माझ्या लेकराला बरं केलं म्हणून मी नवऱ्याला बसवलं, आन् तितं त्याला गुन्हेगार करून सोडला."

डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. अमोघनं काय काय विचारलं, शब्द न शब्द विचारून घेतलं. ऐकता ऐकता बाईचा चेहरा लाल झाला. शांत माणूस रागावला की जास्त रागावलेला दिसतो.

"ताई, मन्तशाला मी काही विचारलं होतं का? आठवून सांगा."

शाहजादीनं आठवलं. नव्हतं विचारलं. ती नुसती सांगायची, पाणी गार आहे, दंड गार आहे.

"संमोहनात माणूस झोपत नाही, आणि मनाचं कुठलं कुलूपही उघडत नाही. लक्ष एका जागी गोळा होतं, आणि समोरचा जे सुचवेल ते चटकन पटतं. एवढंच होतं. दुखणं, भीती, धास्ती, ह्यांना हेच उपयोगी पडतं, कारण तिथं पटवूनच घ्यायचं असतं. पण आठवण पटवून घ्यायची गोष्ट आहे का? आठवण काही डब्यात भरून ठेवलेली नसते, काढली आणि दाखवली असं होत नाही. दर वेळी माणूस ती नव्यानं जुळवतो. मधे जागा रिकामी असली आणि कुणी म्हणालं पाचर, तर पाचर तिथं जाऊन बसते. वर माणसाची खात्री वाढते. ती खरी आहे का, ह्याच्याशी त्या खात्रीचा काही संबंध नसतो. त्या माणसानं गुन्हा केलाय, ताई. हे मी लिहून देते, सही करून देते."

"लिहून मागनं द्या. आधी ते काढा. त्यांला पुन्यांदा बसवा आन् म्हणा पाचर नव्हती. तुमचं त्यांला पटंल."

"पटेल," डॉक्टर म्हणाली. "म्हणूनच नाही करणार. मी तरी कुठं होते तिथं? मी म्हटलं की पाचर नव्हती, तर तेही माझंच असेल, त्यांचं नाही. त्यानं घातलं ते मी घालून पुसायचं, आणि उद्या तिसरा येऊन आणखी काही घालेल. त्यांचं मन म्हणजे काय शाळेचा फळा आहे? त्यांची झोप, त्यांचं खाणं, ह्यासाठी मी आहे. त्यांना सगळं समजावूनही सांगेन. पण ती दुपार मी परत आणू शकत नाही. कुणीच आणू शकत नाही."

"मग तुमच्या विद्येचा उपेग काय?"

"आहे तेवढाच आहे."

शाहजादी तणतणत बाहेर पडली. डॉक्टरीण खरं बोलत होती हे तिला कळत होतं, म्हणून तर जास्त चीड आली. लबाडाशी भांडता येतं. असल्या सरळ माणसाशी काय भांडायचं? रिक्षाच्या थांब्यावर उभं राहून ती रागानं रडली, आणि रडता रडता तिला सावळ्या आठवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

रिह्याच्या पुढं रस्ता संपतो तिथून अर्धा तास चढून वाडी. भातखाचरांच्या बांधावरून ती हाशहुश करत वर पोचली. सावळ्या झोपडीच्या पडवीत बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको लिलाबाई तांदूळ निवडत होती. शाहजादीला वाटलं, ही बाई आता मला हाकलून देणार. लिलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"माझ्या मालकानं तुझं बटण अडकवलं, असं ते म्हणत्यात," शाहजादी म्हणाली. पाणी पिण्याआधीच म्हणाली. "तू तितंच व्हतास. तुझ्या तोंडानं ऐकायचं हाय मला."

सावळ्यानं तिच्याकडं वेड्यासारखं बघितलं. "चाँदभाईनं? त्यानं कवा? शैलेशसायबानं पुठ्ठ्याची घडी केली आन् खुपसली. म्हनला, आज तू बटन दाबायचं न्हाई, नुसतं पत्रा बसवायचा. चाँदभाईला सांगितलंय म्हनला. मी म्हनलं, सांगितलं असंल. चाँदभाई बघून दाबंल."

म्हणजे सावळ्याला वाटलं चाँदभाईला ठाऊक आहे, आणि चाँदभाईला वाटलं मशीन सावळ्यासाठी थांबेल. दोघांचा एकमेकांवर पुरता विश्वास होता, आणि शैलेशनं एक वाक्य सांगायचा कंटाळा केला. शाहजादीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुठ्ठा! आणि तिकडं घरी हा माणूस बाभळीच्या पाचरीचं कुसळ अंगठ्यात शोधत बसलाय.

"मग बोलला का न्हाईस रे इतके दिवस?"

"इचारलं कुनी?" सावळ्या म्हणाला. "ठेकेदार आला व्हता. म्हनला, गप ऱ्हा, पुढं कामाला घिऊ."

लिलाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "कसल्या कामाला घेत्यात, दोन बोटांनी?" ती नवऱ्याला म्हणाली. "जा तिच्यासंगं. बोल तितं."

तपासणीला आलेल्या सरकारी बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. कारखान्याच्या ऑफिसात सगळे जमले. चाँदभाई भिंतीशी उभा, खाली मान घालून. सावळ्या आत आला तेव्हा त्यानं मान आणखी खाली घातली. अण्णासाहेबांनी मोठ्या तोऱ्यात सही केलेला जबाब ठेवला, आणि पुरावा म्हणून अमोघचं रेकॉर्डिंग लावलं. अमोघ शेजारी पाय पसरून बसला होता, स्वतःचाच आवाज ऐकत. मधूनच मान डोलवत होता, गाणं ऐकल्यासारखी.

"थांबवा ते," शाहजादी म्हणाली.

"ओ बाई, तुम्ही मधे बोलू नका," शैलेश म्हणाला.

"मॅडम, त्यांला थांबवायला सांगा आन् मागं घ्यायला सांगा. पाचर हा शबुद पहिल्यांदा कोण बोललं ते ऐका."

बाईंनी खूण केली. रेकॉर्डिंग मागं गेलं. खोलीत अमोघचा गोड आवाज आला, लाकडाची पाचर आहे का. मग "छान". मग पुन्हा "छान".

"आता सांगा, पाचर कुणाच्या तोंडातनं आली?" शाहजादीचा आवाज चढला तो उतरला नाही. "माझ्या नवऱ्याच्या? माझा नवरा म्हणाला, न्हाई दिसत. त्याच्या खऱ्या डोक्यातनं आलेलं तेवढं एकच वाक्य हाय त्यात. बाकी सगळं तू घातलंस, भाड्या. एक एक घास भरवलास आन् प्रत्येक घासाला छान म्हणलास. आन् दुसरं सांगते मॅडम. माझे मालक आपलं बटण आधी दाबून सावळ्याची वाट बघत्यात, ही सवय हितल्या वॉचमनलासुद्धा ठाऊक हाय. समोरचं बटण अडकवलंय हे ज्याला म्हाईत हाय, तो सावळ्याचा हात आत असताना आपलं बटण दाबील व्हय? ज्यानं अडकवलं तो कसा दाबील?"

अमोघ पाय आवरून बसला. म्हणाला, "मॅडम, सबकॉन्शस कधी खोटं बोलत नाही."

बाईंनी डॉक्टर स्वरदाचं पत्र त्याच्यापुढं सरकवलं आणि एवढंच विचारलं, "तुमचं शिक्षण?" त्यानं तीन दिवसांच्या कुठल्याशा कोर्सचं नाव सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं, फार सावकाश, एकेक अक्षर. मग जबाबाचा कागद बाजूला सारला.

"हा मी धरत नाही. चाँदभाई, इकडं बघा. कागद विसरा. रेकॉर्डिंग विसरा. कुणाचं दडपण नाही. तुमच्या मनानं सांगा, ते बटण कुणी अडकवलं?"

सुटकेचं दार उघडून धरलं होतं बाईंनी. एक "म्हाईत न्हाई" पुरे होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. बोल, बाबा, एवढंच बोल.

चाँदभाईनं मान वर केली. "मॅडम, माझी बायको माझ्यासाठी भांडतीय. डॉक्टरणीनं बी मला समजावलं, की हे बाहेरनं आलंय. असंल बी. पर मला दिसतंय ना. पाचर माझ्या हातात दिसतीय. आता दिसतंय ते न्हाई दिसत, असं कसं म्हणू? मी कधी खोटं बोललो न्हाई. मीच अडकवली."

अण्णासाहेबांनी सुस्कारा सोडला. शाहजादीनं कपाळावर हात मारून घेतला. ज्या खरेपणावर तिनं वीस वर्षं संसार केला, त्याच खरेपणाला ह्या हरामखोरांनी खोट्याच्या दावणीला बांधलं होतं. बोटं तरी डोळ्यांना दिसतात, तुटली हे कळतं. ह्याचं काय तुटलंय ते ह्यालाच कळेना.

तेव्हा सावळ्या पुढं झाला. बांधलेला हात त्यानं टेबलावर ठेवला, अगदी अण्णासाहेबांच्या कागदांवर.

"चाँदभाईचं डोकं फिरवलंय यांनी," तो म्हणाला. "बटन माझं हाय. मी तितं हुभा. शैलेशसायबानं पुठ्ठा खुपसला, बिस्किटाच्या खोक्याचा. आन् मी खाली बसल्यावर त्यानंच काढून खिशात घातला. हात माझा गेलाय. मी कुनाला कशाला वाचवू?"

शैलेशनं अण्णासाहेबांकडं बघितलं. नको त्या वेळी बघितलं, आणि बाईंनी त्याला तसं बघताना पाहिलं. पुढं तासभर प्रश्नोत्तरं झाली. त्यात शैलेशच्या तोंडून निघालं की पुठ्ठा लावायला वरून सांगितलं होतं, आणि अण्णासाहेब पाणी मागायला लागले. संध्याकाळच्या आत कागद झाला. चाँदभाईवर ठपका नाही. शैलेशवर आणि मालकावर कारवाई. सावळ्याच्या भरपाईची शिफारस. अमोघबद्दल वेगळा अहवाल. बाई उठताना शाहजादीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचा माणूस निर्दोष आहे." शाहजादीनं त्यांचे दोन्ही हात धरले.

सावळ्या गेटपाशी चाँदभाईला भेटला. चाँदभाईनं त्याच्या बांधलेल्या हाताला दोन्ही तळवे लावले, तसाच बराच वेळ उभा राहिला, आणि सावळ्या म्हणाला, "ये की वाडीवर, कालवन करीन म्हनती लिला." मग तो रिह्याच्या बाजूला निघून गेला.

दोघं नवराबायको पौडच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला उभे राहिले. शाहजादीचं अंग हलकं झालं होतं. महिन्यात पहिल्यांदा तिला भूक लागली होती. घरी गेल्यावर काय करायचं ते ती सांगत होती, मामाकडं धाडलेल्या मन्तशाला परत आणायचं, उद्या दुकान उघडायचं, तुमी आधी पोटभर जेवायचं. चाँदभाई ऐकत होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मऊ दिसत होता, आणि तिला वाटलं, सुटला बाई, सुटला माझा माणूस.

"लई मोठ्या मनाचा हाय सावळ्या," तो म्हणाला.

"हायच."

"तीन बोटं गेली त्याची माझ्या हातनं. तरी माझ्यासाठी भरल्या सभेत खोटं बोलला."

गाडी येऊन थांबली. चाँदभाई आधी चढला आणि तिला वर घ्यायला त्यानं हात पुढं केला. शाहजादी खालीच उभी राहिली. तो हात धडधाकट होता, त्याच्यावर कसला म्हणून डाग नव्हता, हे तिला माहीत होतं, सरकारला माहीत होतं, सावळ्याला माहीत होतं. कंडक्टरनं दोनदा बेल मारली तेव्हा तिनं तो धरला.